जावईबापूंची आंघोळ

"आधी हिला बघा मॅडम, माझ्याकडं बघू नका," म्हणतच तो आत शिरला.

न बघून कसं चालेल? नुसता पायजमा, खांद्यावर टॉवेल, मानेपासून पोटापर्यंत तेल माखलेलं, कपाळाला ओलं कुंकू आणि दोन्ही हातांवर उचललेली बायको. ती मात्र न्हाऊन निघालेली. केस निथळत होते, गाऊन कसाबसा अंगात घातलेला, त्यावरून शाल. कॅज्युअल्टीभर उटण्याचा वास सुटला. नसीम सिस्टरनी दार लावता लावता माझ्याकडं बघून भुवई उडवली.

नरक चतुर्दशीची पहाट होती. पावणेसहा वाजले होते. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, विट्यातल्या एका खाजगी दवाखान्यात कॅज्युअल्टीची डॉक्टर. दिवाळीत ड्यूटी कुणाला लावायची, हा प्रश्न आमच्याकडं कधी पडायचाच नाही. ज्या डॉक्टरणीचं लग्न झालेलं नाही, तिला लावायची. शिरगुप्पे मॅडम आहेतच की! तर मी होतेच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, उगाच ताणत बसायला मला आवडत नाही. त्या सकाळी एका माणसाचा जीव वीस मिनिटं माझ्या हातात होता. मला ते कळलं नाही, कारण पेशंट तो नव्हताच. तो बायकोला घेऊन आला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"आंघोळ करताना पडली. आतनं धप्पकन आवाज आला. सासूबाईंनी हाका मारल्या, तर उत्तर नाही. नशीब, कडी नीट बसली नव्हती, धक्क्यासरशी दार उघडलं. हातपाय ताठ झालेले हिचे, डोळे पांढरे. अंगणात आणली, वारा घातला, तेव्हा कुठं शुद्धीवर आली."

"आधीपासून फिट येते का?"

तो गडबडला. "सहा महिनेच झालेत हो लग्नाला. मला तरी ठाऊक नाही." मग बायकोकडं वळला. "येते काय गं?"

"येत असती तर पसंतीच्या वेळी सांगितलं नसतं होय?" ती पडल्या पडल्या म्हणाली आणि हसली.

ती हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. कॅज्युअल्टीत हसणाऱ्या पेशंटइतकं फसवं काही नसतं, पण तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे.

तिचं नाव मयूरी. वडील शहाजी देवकर, सोनं गाळायच्या धंद्यात, मुक्काम कोइमतूर. आमच्या भागातली निम्मी घरं अशीच. माणसं वर्षभर परमुलखात भट्टीपाशी आणि इकडं हौसेनं बांधलेला बंगला कुलपात. दिवाळीला कुलूप निघतं, जाळीजळमटं झाडली जातात, चार दिवस घर गजबजतं. देवकरांकडं तर यंदा पहिला दिवाळसण होता, म्हणजे लेक-जावई दोघंही आलेले. जावयाचं नाव रणधीर मोहिते, पलूसकडचा. चांगला उंचापुरा, तालमीत गेलेला असावा. तेलानं चमकत होता नुसता.

मी तपासलं. नाडी एकशेदहा. रक्तदाब जरा खाली. साखर ठीक. जीभ चावलेली नव्हती, हातापायांत जोर होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला, नव्याण्णव.

"काही खाल्लंस का सकाळपासून?"

"आंघोळीआधी कुठलं खायचं मॅडम? आई हाणेल."

"किती वेळ होतीस आत?"

"केस धुवायचे होते, त्यामुळं झाला असेल अर्धा तास."

"कढत पाणी?"

"चांगलं कढत. थंडी काय कमी आहे?"

झालं. रिकामं पोट, कढत पाणी, अर्धा तास उभी. मी तिला समजावून सांगितलं की अशानं रक्त पायांकडं उतरतं, डोक्याला कमी पडतं आणि माणूस आडवा होतो. कधीकधी दोन झटकेही येतात, घाबरायचं कारण नाही. मला स्वतःचंच बोलणं फार आवडलं. रणधीर मान डोलावत ऐकत होता.

"डोकं मात्र ठणकतंय," मयूरी म्हणाली. "मळमळतंय पण."

"पडल्यावर ठणकणारच."

"आईचंही डोकं धरलंय. तिनं माझ्याआधी आंघोळ केली, तेव्हापासून धरून बसलीय."

"तीन दिवस चकल्या तळल्यावर कुणाचं धरणार नाही?" मी म्हणाले.

आम्ही तिघं हसलो. नसीम सिस्टर हसल्या नाहीत. त्या मास्क घेऊन पलंगाशी उभ्या होत्या. वीस वर्षं त्यांनी कॅज्युअल्टी बघितलेली, माझ्यासारख्या कितीतरी डॉक्टरणी आल्या नि गेल्या.

"मॅडम, थोडा वेळ ऑक्सिजन लावू का?"

"नव्याण्णव आहे सिस्टर. अजून किती वाढवणार? शंभराच्या वर आकडा जात नाही."

सिस्टरनी मास्क परत हुकाला अडकवला. त्या वाद घालायच्या नाहीत. मला त्यांच्या या स्वभावाचा पुढं फार राग आला, मग त्या रागाची लाजही वाटली.

आता मी सांगलीला इमर्जन्सी मेडिसिन शिकवते. दरवर्षी नव्या पोरांना हीच केस सांगते, सकाळच्या पहिल्या तासाला, म्हणजे डोकी ताजी असतात. बोटाला लावायच्या यंत्राला रक्ताचा नुसता रंग कळतो, हे सांगते. रक्तात ऑक्सिजन भरलाय की जळक्या गॅसचं विष, कार्बन मोनॉक्साइड, भरलंय, ते त्याला कळत नाही. दोन्हींचा लाल रंग त्याला एकच. म्हणून एका घरात दोघांचं डोकं दुखतंय असं ऐकलं की यंत्राकडं बघू नका, घराकडं बघा. बंद खोलीत काय जळत होतं ते विचारा, आणि उत्तर यायच्या आत मास्क लावा. पोरं लिहून घेतात. केस सांगताना मी 'एका डॉक्टरनं' असं म्हणते.

तर त्या सकाळी त्या एका डॉक्टरनं मयूरीच्या कागदावर लिहिलं, मूर्च्छा, अशक्तपणा, ऑक्सिजन नव्याण्णव टक्के. लिंबू-सरबत आणि विश्रांती.

रणधीर लगेच निघाला नाही. "मॅडम, दुपारपर्यंत ठेवून घेता का तिला? मी बसतो इथं. सासरेही म्हणत होते, ठेवूनच घ्या म्हणून."

हे त्यानं विचारलं होतं. मी म्हणाले असते ठेवते, तर तोही बसला असता तसाच तेल माखलेला त्या स्टुलावर.

"अहो, कशाला सणासुदीचं दवाखान्यात?" मी म्हणाले. "तुमची झाली का आंघोळ?"

"कुठली? तेल लावून पाटावर बसलो होतो, तेवढ्यात हा प्रकार."

"मग पळा की! सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर नरकात जातात म्हणे. अजून अर्धा तास आहे तुमच्याकडं. पहिला दिवाळसण, आणि जावईबापू पारोसे? बरं दिसेल का?"

तो मोकळा हसला. मयूरीनं त्याला कोपरानं ढोसलं, "चला, मॅडमचं तरी ऐका." जाताना त्यानं दोन्ही हात जोडले. तेलकट हातांचा ठसा आमच्या काचेच्या दारावर उमटला, म्हणून मावशी कुरकुरल्या.

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी चहा मागवला.

सात वाजता बाहेर जीपचा हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. शहाजी देवकर आणि शेजारचे दोघं रणधीरला पांघरुणात गुंडाळून आत घेऊन आले. मागून मयूरी, अनवाणी. मी त्याच्या मानेवर बोटं ठेवली. काही लागत नव्हतं. छाती हलत नव्हती. अंग ऊबदार होतं आणि ओठ लालसर, झोपलेल्या निरोगी माणसासारखे.

मी छाती दाबायला सुरुवात केली. सिस्टरनी फुगा धरला, नळी दिली, औषध भरलं. अंगावरचं तेल निम्मंच धुतलं गेलं होतं, माझे तळवे सरकत होते. सिस्टरनी त्याचाच टॉवेल माझ्या हाताखाली घातला.

"कधी गेला होता आत?" मी दाबता दाबताच विचारलं.

"घरी आल्या आल्या," शहाजीराव भिंतीला टेकून सांगत होते. "सव्वासहा असतील. पाण्याचा आवाज येत होता. म्हटलं तेल काय लवकर निघतंय, घेऊ दे सावकाश. मग हाका मारल्या. त्यानं कडी पक्की लावलेली. दार फोडलं शेवटी."

"पाणी कशावर तापतं तुमच्याकडं?"

"गिझर आहे की. गॅसचा. जावई यायचे म्हणून परवाच बसवला. मी आपला मागच्या दारी बंबावरच घेतो आंघोळ, मला नाही ते झेपत."

"गिझर आहे कुठं?"

"आतच. बाथरूममध्ये."

"खिडकी?"

"आहे, पण थंडीची बंद केलेली," ते म्हणाले. "का ओ मॅडम?"

माझे हात चालूच होते. मोजणं चालू होतं, एकवीस, बावीस, तेवीस. तेवढ्यात सगळं कळलं. आईचं डोकं, लेकीची मूर्च्छा, आणि आता हा. एकाच मोरीत एकामागून एक तिघं. चौथं कोण?

"घरी कोण आहे आत्ता?"

"अलका आहे. मयूरीची आई. तिथंच बाथरूमच्या दारात बसलीय, उठायलाच तयार नाही. तिनंच उटणं कालवलं होतं ना..."

"पाणी बंद केलंत का?"

शहाजीराव माझ्याकडं बघतच राहिले. "कुणाला भान होतं? त्याला उचलला नि पळालो."

म्हणजे नळ चालू, गिझर पेटलेला आणि बाई दारात. मी ओरडले, त्या दिवसातलं माझं ते एकच ओरडणं. "घरी फोन लावा! आधी बाईंना बाहेर काढा!" मयूरीनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. शहाजीराव दाराकडं धावले, परत आले, कुणीकडं जायचं ते त्यांना कळेना. मयूरीनं मग शेजारच्या काकूंना लावला. "काकू, आईला ओढून अंगणात काढा, गिझर बंद करा, आत थांबू नका, काय विचारू नका!" असं ती एका दमात बोलली. आम्ही सगळे त्या फोनकडं बघत होतो आणि मी रणधीरची छाती दाबत होते. तीन-चार मिनिटांनी काकूंचा फोन आला. अलकाबाई भिंतीला मान टाकून बसलेल्या सापडल्या होत्या, हाकेला धड ओ देत नव्हत्या. आता अंगणात होत्या आणि ओकत होत्या. अलकाबाई वाचल्या.

रणधीर वाचला नाही. सात पन्नासला मी थांबले. सिस्टरनी घड्याळाकडं बघून वेळ मोठ्यानं म्हटली आणि फुगा बाजूला ठेवला.

तेव्हा तुम्हाला काय वाटलं, असं एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं. काही वाटलं नाही. खरंच सांगते. मी बेसिनशी जाऊन हात धुतले, तेलामुळं तीनदा साबण लावावा लागला. मग मयूरीला आणि जीपमधून आणलेल्या तिच्या आईला शेजारशेजारच्या पलंगावर घेऊन दोघींना घट्ट मास्क लावले आणि ऑक्सिजन पूर्ण सोडला. हे सगळं मी अगदी व्यवस्थित केलं. आतून मात्र मी पार बधिर झाले होते.

नऊ वाजता मोठे सर आले. दवाखाना त्यांचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"सकाळच्या कागदावर काय लिहिलंयस?"

मी सांगितलं.

"ऑक्सिजन नव्याण्णव लिहिलायस ना? मग झालं. तुझ्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं. पोलीस येतील, पोस्टमॉर्टेम होईल, कारण गिझर म्हणून येईल. तू विचारल्याशिवाय काही बोलू नकोस."

"सर, मीच त्याला आंघोळ करायला पाठवलं."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. "शिरगुप्पे, हे वाक्य परत कुठं बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

मी केबिनबाहेर आले तर शहाजीराव उभे. त्यांनी वाकून माझे पाय धरायचा प्रयत्न केला. "मॅडम, तुम्ही ओळखलंत म्हणून माझी बायको वाचली. देवासारख्या भेटलात." मी त्यांना उठवलं. काय बोलले ते आठवत नाही.

दहाच्या सुमाराला पलूसकडची मंडळी आली. रणधीरच्या आईनं आधी त्याचं तोंड बघितलं. मग त्या बाई थेट मयूरीच्या पलंगाशी आल्या.

"पहिल्याच सणाला गिळलंस गं माझ्या लेकराला! धडधाकट धाडला होता तुझ्या दारात. पांढऱ्या पायाची अवदसा!"

मयूरीच्या तोंडावर मास्क होता. ती नुसती बघत राहिली. दोन बायकांनी त्यांना धरून बाहेर नेलं, तरी व्हरांड्यातून शब्द येतच होते. अशा वेळी बोललेलं मनावर घ्यायचं नसतं, असं सगळे म्हणतात. पण पलंगावर पडून ते ऐकायचं असतं कुणाला?

मी तिची नाडी बघायला गेले, तेव्हा तिनं मास्क खाली ओढला.

"मॅडम, ते म्हणत होते, राहू दे आंघोळ, तुझ्याजवळ बसतो. मीच त्यांना ढकललं आत. म्हटलं, डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, उजाडायच्या आत आवरा. माझ्यामुळं झालं का हो?"

"नाही. तुझ्यामुळं नाही," मी म्हणाले.

ती वाट बघत राहिली. तुझ्यामुळं नाही म्हटल्यावर पुढं अजून एक वाक्य यायला हवं, हे तिलाही कळत होतं. मी मास्क वर सरकवून नीट बसवला, नाडी मोजली आणि कागदावर लिहिली.

पोस्टमॉर्टेम लवकर झालं. दुपारी तीनला त्याला पलूसला न्यायला गाडी तयार होती, दवाखान्याच्या फाटकाशी उभी. मयूरी पलंगावरून उतरली आणि आईच्या खांद्याला धरून फाटकापर्यंत चालत गेली. गाडीच्या पायरीवर तिनं पाय ठेवला तर रणधीरची आई आतून म्हणाली, "ही ह्या गाडीत बसायची नाही. आमच्या दारात पाय ठेवायचा नाही हिनं."

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि परत बंद केलं. मयूरी एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी.

शहाजीरावांनी चौफेर बघितलं आणि त्यांना मी दिसले. फाईल घेऊन मी पायऱ्यांवर उभी होते.

"मॅडम, तुम्ही सांगा ह्यांना," ते हात जोडून म्हणाले. "तुमचं ऐकतील. तुम्ही डॉक्टर आहात. हिचा काय दोष? सांगा, तुम्हाला तर सगळं माहितीय."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. रणधीरची आईही बघायला लागली, आणि खरंच, ती ऐकायला तयार होती. एखादा शब्द मिळाला तर हवाच होता तिला. आजही मला तिचा तो चेहरा दिसतो. नसीम सिस्टर माझ्या मागंच होत्या, त्यांनी माझ्या पाठीला हलकेच हात लावला.

"तिच्या अंगात विषारी गॅस गेलाय," मी म्हणाले. "चोवीस तास नजरेखाली ठेवावं लागणार. तिला प्रवास करता येणार नाही."

हे खरंच होतं. वैद्यकीयदृष्ट्या त्यात तिळमात्र खोट काढता आली नसती. सिस्टरनी पाठीवरचा हात काढून घेतला. शहाजीरावांचे जोडलेले हात खाली आले. गाडीतल्या लोकांना सुटल्यासारखं झालं. डॉक्टरच नको म्हणतात म्हटल्यावर भांडणाला जागा उरली नाही. कुणीतरी आतून दार ओढून घेतलं.

मयूरीनं पायरीवरचा पाय काढला.

"मॅडम म्हणतायत तर राहते मी," ती आईला म्हणाली, आणि माझ्या मागोमाग मुकाट्यानं आत आली.